कुरकुरणारं बेअरिंग

मेहकरच्या डाळमिलमध्ये कानाला हेडफोन लावलेला एक पोरगा मशीनजवळ माइक धरून उभा दिसला, तेव्हा पुष्पांजलीला वाटलं, मीटर तपासणारा आला. वडील, शंकरराव, तूर खरेदीला गेलेले. मिल तिच्या ताब्यात. ती तावातावानं पुढे गेली.

"ओ साहेब! कोणाले इचारून आले आतमंदी?"

"साहेब नाई हो... ऋत्विक. बुलढाण्याचा. तुमच्या मशीनचा आवाज घेऊन राह्यलो. गाण्यासाठी."

"ह्या खडखडाटाचं गाणं?" ती हसतच सुटली.

त्यानं हेडफोन तिच्या कानाला लावला. कापसाच्या जिनिंगचे धपके, पिठाच्या गिरणीचा पट्टा, एसटीचा गिअर... सगळे आवाज कापून-जोडून त्यानं ठेका बांधला होता. अंगात शिरणारा ठेका! कुठल्याही कंपनीशिवाय, एकट्याच्या बळावर तो असा अख्खा अल्बम काढणार होता. शेवटच्या गाण्याला तिच्या मशीनचं कुरकुरणारं बेअरिंग हवं होतं.

मग स्वारी रोजच येऊ लागली. मशीनच्या गोंगाटात दोघं ओरडून-ओरडून बोलायची. डाळीच्या धुळीनं त्याच्या पापण्या पिवळ्या व्हायच्या आणि पुष्पांजलीचं लक्ष चाळणीकडे कमी, त्या पापण्यांकडे जास्त! अल्बम पुरा झाला की हा कशाला येतोय, या विचारानं तिला घास गोड लागेना.

"उद्या शेवटचं रेकॉर्डिंग," तो एके दिवशी म्हणाला.

पाहुण्यासाठी घर आवरावं तसं तिनं मशीन आवरलं. झाडलं, पुसलं आणि बेअरिंगमध्ये मनसोक्त ग्रीस भरलं.

सकाळी बटण दाबलं, तर बेअरिंग चकार शब्द बोलेना! ऋत्विकनं हेडफोन काढला.

"कुरकुर काऊन बंद झाली?"

पुष्पांजलीचं धाबं दणाणलं. "मीच ग्रीस भरलं ना! म्हटलं, तुमच्या गाण्यात आमची मशीन चांगली वाजली पाह्यजे..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चिंधी आणि डिझेलचा डबा उचलला. "थांबा, डिझेलनं धुतलं का निघते ते. बाबा बोलले तं बोलले!"

त्यानं तिचं मनगट धरलं.

"राहू द्या. आवाज पह्यल्याच दिवशी भेटला होता मले."

"मंग रोज बुलढाण्याहून एसटीचे धक्के खात काऊन येत होते?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तुमी... ओरडून बोलता ना... ते ऐकाले."

ग्रीसच्या चिंधीनं हात माखलेले, नाकावरही डाग आणि आनंद तर पोटात मावेना. तिनं मशीन बंद केलं.

"रविवारी मिल बंद असते," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय? रविवारी ये... हळू बोलू."