गाळलेलं कडवं

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. मला गोष्टी रचता येत नाहीत. आणि असलं काही रचून सांगितलंच, तर आमचे पाळक साहेब मला गाणाऱ्यांच्या बाकावरून उठवतील. घडलं तसं लिहिते. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

हे रात्री घडलेलं नाही. भर रविवारी सकाळी घडलं. खिडक्यांतून ऊन आत आलेलं, बाक माणसांनी भरलेले.

मला जास्त भीती त्याचीच वाटते.

आमचं चर्च लहान आहे. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला शाळेची भिंत. आत पुढे डाव्या हाताला पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन आणि त्याच्याशेजारी गाणाऱ्यांचा बाक. ऑर्गन वाजवणाऱ्यांना सगळे पेटीवाले काका म्हणतात. त्यांना कमी ऐकू येतं, पण बोटं अजून चोख आहेत.

रविवारी कोणती गाणी गायची, हे मी ठरवते. दिसतं तेवढं सोपं काम नाही. पाळक साहेब फोन करून उपदेशाचा विषय सांगतात. गाणं त्याला शोभणारं हवं, लोकांना चाल येणारं हवं, म्हाताऱ्यांना पट्टी झेपायला हवी. एवढं करून कोणीतरी दारात गाठतंच, की आज गाणी फार संथ होती हो.

गाणं निवडलं की मग कडवी निवडायची.

हे बाहेरच्यांना माहीत नसतं. सगळी कडवी गायली तर उपासना लांबते आणि लोकांच्या माना घड्याळाकडे वळायला लागतात. म्हणून एखादं कडवं गाळतात. पहिलं गाळता येत नाही, शेवटचं गाळता येत नाही, दुसरं सवयीने गायलं जातं. बळी जातो तो बिचाऱ्या तिसऱ्याचा. आमच्याकडे कित्येक गाण्यांचं तिसरं कडवं कोणालाच पाठ नाही.

माझ्याआधी हे काम माझी मावशी करायची. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. कडवं गाळलेलं तिला अजिबात खपत नसे. "गाणं म्हणजे काय कापड आहे, पुरेल तेवढं फाडायला?" असं ती पाळक साहेबांना तोंडावर विचारायची. तिच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. उपासना लांबायची आणि लोक गुमान उभे राहायचे.

मग तिला झटका आला.

उजवी बाजू गेली. वाचाही गेली. जिच्या आवाजावर सगळं चर्च गायचं, तिच्या घशातून साधा हुंकार निघेना. आमच्याच घरी, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत ती पडून असायची. माझा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. त्याने कामाचं टेबलच तिच्या खोलीत हलवलं. रविवारी मी चर्चला गेले की तो तिच्यापाशी असायचा.

गाणी माझ्याकडे आली आणि पाळक साहेबांच्या जिवात जीव आला. मी तिसरं कडवं गाळायला लागले.

पहिल्यांदा घडलं ते शनिवारी दुपारी, सरावाच्या वेळी. काकांनी दुसरं कडवं संपवलं. चौथ्याकडे वळायला ते क्षणभर थांबले. तेवढ्या फटीत...

कोणीतरी श्वास घेतला.

गाणारा माणूस कडवं उचलण्याआधी घेतो ना, तसा. भरपूर, पोटातून.

आवाज बाकाच्या टोकाकडून आला. तिथे मावशीची उशी होती. तिला कठीण बाकावर बसवत नसे म्हणून उशी कायम तिथेच असायची. उशीवर कोणी नव्हतं.

माझ्या शेजारी आमचा बेकरीवाला उभा होता. आवाज एवढा मोठा की सगळे त्याला भोंगा म्हणतात. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. ऑर्गनचा भाता गळतोय, असं म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी उपासनेत शेवटचं गाणं तेच होतं. दुसरं कडवं संपलं. पुन्हा तो श्वास. आम्ही चौथं उचललं आणि आमच्या आवाजाखालून...

तिसरं कडवं सुरू झालं.

चाल तीच, त्यामुळे मागच्यांना काही कळलं नाही. शब्द मात्र वेगळे होते. बाईचा आवाज, किंचित घोगरा, ओळीच्या शेवटी ओढलेला. त्या आवाजात मी लहानाची मोठी झाले. मी पुस्तक खाली ठेवलं. भोंग्याचा आवाज त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा बसला.

उपासना सुटल्यावर त्याने गीतांचं पुस्तक उघडून तिसऱ्या कडव्यावर बोट ठेवलं. हेच शब्द ऐकले, म्हणाला. त्याला ते पाठ नव्हते आणि मलाही नव्हते.

घरी आले तर नवरा दारातच उभा. चेहरा पांढराफटक.

"अगं, मावशी गेलीच होती आज," तो म्हणाला.

त्याचा कान टिकटिकीचा आहे. खोलीत दहा घड्याळं चालू असली आणि एक थांबलं, तर त्याला मान वर न करता कळतं. तसंच त्याला कळलं की खोलीतला एक आवाज थांबलाय. वळून बघितलं तर मावशीची छाती हलत नव्हती. डोळे उघडे, तोंड उघडं. त्याने हातातली घड्याळाची काच तिच्या नाकापाशी धरली. काचेवर वाफ धरली नाही. तो मला फोन लावणार एवढ्यात तिचा श्वास आपोआप सुरू झाला.

हे कधी झालं, असं मी विचारलं. चर्च सुटायच्या जरा आधी, तो म्हणाला.

योगायोग असेल, असं स्वतःलाच बजावलं. पुढच्या रविवारी वेगळं गाणं निवडलं आणि त्याचंही तिसरं कडवं गाळलं. बाकाच्या टोकाकडून पुन्हा ते कडवं आलं, आधीपेक्षा स्पष्ट. घरी आले तेव्हा मावशीचे ओठ निळे पडलेले होते आणि नवरा तिचा हात चोळत बसला होता.

"या वेळी जास्त वेळ गेलेली होती गं," तो म्हणाला. "अजून एकदा असं झालं तर परत यायची नाही."

ती तिकडे गात असायची तेवढा वेळ तिचा श्वास इकडे नसायचा. हे लक्षात आलं आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. आई गेल्यापासून मला ती एकच होती. आणि तिचा जीव मी निवडलेल्या गाण्यांवर टांगलेला होता.

पाळक साहेबांना काय सांगणार? यापुढे एकही कडवं गाळायचं नाही, एवढंच म्हणाले. मावशीच्या वळणावर गेली, असा त्यांचा चेहरा झाला. मी त्यांच्या घड्याळासाठी लहान लहान गाणी शोधली, तीनच कडव्यांची. सगळी गायची.

आवाज थांबला. मावशीचा श्वास नीट चालू राहिला. कित्येक रविवार असे गेले आणि माझा धीर चेपला.

मग ते पाहुणे उपदेशक आले.

विषय त्यांनी आधी कळवला होता. त्याला शोभणारं म्हणून शेवटी मी सहा कडव्यांचं गाणं ठेवलं. पाहुण्यांनी बोलायला सुरुवात केली आणि ते थांबेनातच. लेकरं आयांच्या मांडीवर झोपली. ते खाली बसले तसे पाळक साहेब घाईघाईने उठले.

"वेळ फार झालाय. शेवटच्या गीताचं फक्त पहिलं आणि शेवटचं कडवं गाऊ या."

मी मनात मोजलं.

मधली चार कडवी. चार कडवी होईपर्यंत श्वास नाही.

मी काकांना हाताने खुणा केल्या. त्यांची नजर पुस्तकात. सगळे उभे राहिले. पहिलं कडवं झालं. काका क्षणभर थांबले आणि...

उशीकडून श्वास आला. एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. लांबच्या वाटेला निघालेल्या माणसासारखा.

तो पुरा व्हायच्या आत मी दुसरं कडवं उचललं. एकटीने, होता नव्हता तेवढा जोर लावून.

सगळं चर्च शेवटचं कडवं गात होतं आणि मी दुसरं. माणसं वळून बघायला लागली. पाळक साहेबांनी डोळे वटारले. त्यांचं गाणं संपलं, ऑर्गन थांबला, लोक खाली बसले. मी तिसरं उचललं.

लाजेने मेल्यासारखं झालं होतं. पण थांबायची सोय नव्हती. मी श्वास घ्यायला थांबले की उशीवरही श्वास घेतला जायचा. माझी ओळ संपायची ती वाट बघत होती. मी दोन ओळींमध्ये थांबणंच बंद केलं. चौथ्या कडव्याला घसा फाटला, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

तेवढ्यात शेजारी भोंगा उठला.

त्याने काही विचारलं नाही. माझ्या हातातलं पुस्तक धरलं आणि पाचवं कडवं असं उचललं की खिडक्या वाजल्या. काकांनी ऑर्गन धरला. मग एकेक करून माणसं उभी राहिली.

आमेन झालं. बाकाच्या टोकाकडून कोणीतरी सावकाश, लांब... श्वास सोडला.

मी पळत घरी गेले. नवरा टेबलापाशी काम करत होता. काही झालं नाही, म्हणाला, फक्त मधेच रडली. मावशीचे गाल खरंच ओले होते.

"मावशी, सगळी गायलो गं," मी म्हणाले.

तिने डाव्या हाताने माझं बोट दाबलं.

त्यानंतर काही महिन्यांनी ती झोपेतच गेली. दफनाच्या वेळी आम्ही प्रत्येक गाण्याची सगळी कडवी गायलो. मी कान देऊन होते. काही आलं नाही. मी खूप रडले, पण खरं सांगायचं तर मनावरचं ओझंही उतरलं. विषय संपला असं मी धरून चालले.

गेल्या महिन्यात मला ताप आला. घसा पार बसला, बोलताही येईना. गाणी मी बघतो, तुम्ही आराम करा, असा भोंग्याचा निरोप आला. कडव्यांचं त्याला सांगायला हवं होतं. माझ्या डोक्यातही आलं नाही.

रविवारी मी मावशीच्याच खोलीत पडले होते. खिडकीतून ऊन येत होतं. नवरा टेबलापाशी, त्याच्या घड्याळांची टिकटिक चालू. छान डोळा लागत होता. आणि एकदम...

माझा श्वास आलाच नाही.

दुखलं नाही, गुदमरलं नाही. नुसता नव्हता. टिकटिक मात्र स्पष्ट ऐकू येत होती. नवऱ्याचे हात थांबलेले दिसले. तो सावकाश माझ्याकडे वळला. हाक मारायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

श्वास परत आला तेव्हा माझ्या नाकापाशी घड्याळाची काच होती.

संध्याकाळी भोंगा पाव घेऊन आला. खुशीत होता.

"ताई, घसा बसलाय म्हणालात आणि तिसरं कडवं एकट्याच गायलात की. आम्ही गाळलं होतं ते. मी वळून बघेपर्यंत गायबसुद्धा झालात."

मला बोलता येत नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं.

"ती आज घरातून हललेली नाही," तो म्हणाला.

भोंग्याने पाव हळूच टेबलावर ठेवला.

"उशी दबलेली होती, ताई," तो म्हणाला. "मी हात लावून बघितलं. कोमट होती."

आता गाणी पुन्हा मीच निवडते. एकही कडवं गाळत नाही. ताप असो, काही असो, रविवार चुकवत नाही. भोंग्यालाही शपथ घातली आहे. नवरा रात्री मधेच उठून माझा श्वास ऐकतो. मी झोपेचं सोंग घेते.

पण आमच्या पाळक साहेबांची पुढच्या महिन्यात बदली होतेय. त्यांच्या जागी येणारे वेळेचे फार पक्के आहेत, असं ऐकलंय.