दादा, पूल आला

रिसेटचं बटण कोणी दाबलं?

तुईने हे बर्फाच्या कारखान्यातल्या प्रत्येकाला विचारलं होतं. मालक थावकेंना, पाळीवरच्या पोरांना, अंत्यविधीला आलेल्या भंतेंनासुद्धा. बर्फ फोडायची मोटर ट्रिप होऊन बंद पडली होती. तुईचा थोरला भाऊ खेम आत अडकलेली लादी काढत होता. आणि कोणीतरी मोटर पुन्हा चालू केली. सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच.

पोरांनो, तुई आपल्याच सोंगख्लाचा, बंदरामागच्या गल्लीतला. शाळा चौथीत सुटली, डोकं तापट. पण भावावर जीव असा, की त्या दिवशी रक्ताळलेल्या यंत्राला मिठी मारून ओरडला होता, "दादा, जाऊ नकोस! मला सोडून जाऊ नकोस!" मेलेल्याला असं थांबवू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बायाबापड्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तोवर बोलून झालं होतं.

लॉय क्रथोंगला पाण्यात दिवे सोडले, त्यानंतरची तिसरी रात्र. पौर्णिमा सरली, काळोख वाढू लागला, काळोखातच मासळी दिव्यांवर येते, म्हणजे बोटी समुद्रात निघणार. सगळ्यांना बर्फ हवा. पण खेम गेल्यापासून यंत्र फिरायला तयार नव्हतं. प्रासोप मिस्त्रींनी तुईला बोलावून घेतलं.

"बॅटरी धर बाबा. बाकीचे भित्रे पळाले."

"मी काय शूर आहे?"

"तू शूर नाहीस, मूर्ख आहेस. धर."

मिस्त्रींनी मोटरच्या वायरी सोडवल्या. मोटरचा वेग सांभाळणारी ती पेटी, ड्राइव्ह, एकटी नीट चालली. वायरी तपासल्या, शॉर्ट नाही. मोटर तपासली, ओल नाही. पट्टा उतरवून बर्फ फोडणारं दातेरी पिंप हाताने फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. वेग हळूहळू चढेल असं लावून पाहिलं, पट्टा चढवला, बटण दाबलं.

रिकामं पिंप थरथरलं. पेटीवरचा करंटचा आकडा चढत गेला. चढत गेला... खट्. ट्रिप.

"आत काहीच नाही रे," मिस्त्री पुटपुटले. "मग एवढा करंट ओढतंय कशाला? कोणीतरी धरून ठेवल्यासारखं..."



थावके दारातूनच ओरडले, "काढ ती पेटी! मोटर सरळ लायनीवर जोड. मग बघू कोण अडवतं!"

तुईच्या हातातली बॅटरी खाली पडली.

"नाही! परत चिरडाल त्याला!"

"कोणाला?"

बंद पिंप... आपोआप... अर्धा वेढा फिरलं. थांबलं.

थावके दारातून मागे सरले.

तुई गुडघ्यांवर बसला. उदबत्ती पेटवली.

"दादा... मी चुकीचं बोललो. थांबू नकोस. चल. मी न्यायला आलोय."

बाहेर येऊन त्याने मोटरसायकलचे मागचे फुटरेस्ट पायाने उघडले. खेम नेहमी म्हणायचा, "आधी माझ्या पायांची सोय कर, मग मिजास कर." उदबत्ती हँडलला खोचून तुई विहाराकडे निघाला. खेमच्या अस्थी तिथे होत्या. मेलेल्याला नेताना वाटेतलं प्रत्येक वळण, प्रत्येक पूल सांगावा लागतो, नाहीतर तो वाटेतच राहतो.

"दादा, वळण आलं."

मागे कोणी नव्हतं. गाडी मात्र मागून दबलेली.

"दादा, पूल आला. खाली पाणी आहे. घट्ट धर."

कमरेभोवती गार लागलं. त्याने वळून पाहिलं नाही. डोळे वाहत होते. रस्ता दिसत नव्हता.

"दादा... पोचलो."

गाडी एकदम हलकी झाली.

खिशात फोन वाजला. मिस्त्री होते. "तुई... फिरतंय रे. पहिल्याच बटणाला."

तुई उतरला. घामट, वारा नसलेली रात्र होती. आणि मागच्या दोन्ही फुटरेस्टवर पांढरं हिव साचलेलं होतं. मधोमध, पायाच्या तळव्याएवढ्या जागी, मात्र काहीच नाही.

त्याने ते झटकलं नाही. खाली बसला. एकेक फुटरेस्ट दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून ठेवला, हिव वितळेपर्यंत. मग सदऱ्याने पुसला. मग आवाज होऊ न देता मिटला.