त्याच्याकडे उरलेला शब्द

ती खरं तर वॉर्डातल्या बाराव्या खाटेवरच्या आजोबांकडे निघाली होती. चुकून तेराव्या खाटेपाशी थांबली.

“नाव सांगा बघू?”

“ओके.”

“वय?”

“ओके!”

ती फिस्सकन हसली... आणि लगेच ओशाळली. बसस्टँडवर गाड्यांच्या वेळा पुकारून सारा स्टँड डोक्यावर घेणारा हा तरणाताठा माणूस! मेंदूतल्या गाठीने त्याचा उजवा हात नेला, सगळी भाषा नेली आणि एवढा एकच शब्द मागे ठेवला. हो-नाहीची मानसुद्धा उलटीसुलटी हलायची.

गेलेली वाचा परत शिकवणं हे तिचं काम. पण महिनाभरात शिकली तीच. लांबवलेला ओके म्हणजे पाणी. तुटक ओके म्हणजे ‘आज उशीर का?’ आणि भुवई उडवून म्हटलेला—

“पुरे हं! केस नुसते धुतलेत मी आज.”

“ओऽके...”

“लबाड कुठला!”

दातांआडून आलेला ओके म्हणजे मात्र ‘नको’. तो इंजेक्शनासाठी राखलेला असे.

शुक्रवारी डॉक्टर आले. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण नंतर तो कुणाला ओळखेल याची खात्री नाही. नाही केलं तर चार महिने.

“करायचं ना?” त्यांनी त्यालाच विचारलं.

“ओके,” तो दातांआडून म्हणाला.

“हो म्हणाला!” त्याच्या ताईने डोळे पुसत सहीचा कागद पुढे ओढला.

हा ओके ‘नको’चा होता, हे फक्त त्याला बोलायला शिकवणारीलाच कळलं. नुसतं गप्प बसायचं होतं... तिला विसरला असता, पण जगला तर असता! त्याच्यावाचून जगायची कल्पनाही तिला सोसत नव्हती.

“ताई... तो नको म्हणतोय.”

“तू कोण गं सांगणारी? पाठचा भाऊ आहे माझा! मरू देऊ त्याला?”

“मलाही तो हवाय हो! प्रेम आहे माझं त्याच्यावर...”

त्याने डाव्या हाताने ताईच्या हातातला कागद ओढला, दातांत धरला आणि टराटरा फाडला. मग तोच हात तिच्यापुढे केला. तिने तो धरला आणि ती हमसून हमसून रडली.

ताईने दोघांकडे बघत फाटलेले तुकडे गोळा केले. शेवटी स्वतः उठली आणि तिने आपलं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

“बस. चारच महिने आहेत, ते काय उभ्याने काढणार आहेस?”

ती बसली.