उगमचाचणी

पीएच.डी.साठी विद्यापीठाने एक नवी अट घातली होती: तोंडी परीक्षेआधी उगमचाचणी. प्रबंध यंत्रांकडून लिहून घेणाऱ्यांची संख्या फार वाढली, तेव्हापासून ती सुरू झाली. उमेदवाराने जाळीची टोपी घालून आपल्याच प्रबंधातली वाक्ये ऐकायची. विचार स्वतःला सुचलेला असेल तर मेंदूत एक ठसा उमटे, दुसऱ्याचा असेल तर वेगळा.

यामिनी टिळेकरचा विषय होता 'प्रतीक्षा'. शाळेतली नोकरी सांभाळून तिने प्रबंध तडीस नेला होता. तत्त्वज्ञान विभागाच्या लहानशा खोलीत तीन प्रकरणे बिनबोभाट पार पडली. चौथ्याच्या पहिल्याच वाक्याला पडद्यावरची रेघ तांबडी झाली.

"हे तू कुणाकडून तरी ऐकलंयस," तिच्या मार्गदर्शक घोरपडे मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. सगळा प्रबंध यावरच उभा आहे. हे माझंच आहे."

मॅडमनी कळ दाबली. ऐकीव आठवण सापडली की यंत्र तिच्यातून मूळचा आवाज पुन्हा घडवत असे.

"अगं, जो येणारच नाही हे ठाऊक आहे, त्याची वाट बघता येते का? आधी ते ठरव. आणि ती मेथी इकडे दे."

हेरंब! तिचा नवरा जाऊन चार वर्षे झाली होती. त्याचे शब्द तिला आठवत. आवाज मात्र कितीही प्रयत्न केला तरी कानांत येत नसे.

"पुन्हा लावा ना."

"तळटीप दे, त्याचं नाव घाल. म्हणजे हे वाक्य मार्गी लागलं. नियमाप्रमाणे आवाज आता पुसावा लागेल."

यामिनीने तळटीप लिहिली. टोपी मात्र काढली नाही. "एकदाच, मॅडम."

"ऐक. आठवण जागी झाली की थोडी नव्याने घडते. आत्ता ऐकलेलं, तुला हवंसं वाटलेलं, सगळं तिच्यात मिसळलं असणार. आता जो बोलेल तो हेरंबच असेल, असं मी सांगू शकत नाही."

"तरी लावा."

या खेपेला आवाज अधिक मऊ होता. प्रश्न विचारून तो क्षणभर थांबला आणि हळूच म्हणाला, "यामी."

त्या नावाने त्याने तिला कधीच हाक मारली नव्हती.

मॅडमचे बोट पुसण्याच्या कळीवर थबकले. यामिनीचे डोळे मिटलेलेच होते.

"मॅडम," ती म्हणाली, "हे त्याच्या मनात असेल का हो?"