शामकलानं मागवलेलं पुस्तक

जेवणं आटोपली आणि लाइट गेली. आमच्या नवेगाव बांध गावात ही बातमी नसते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, अंगणातल्या बाजेवर टेकले. नणंद टीना मोबाइलच्या उजेडात पुस्तक उघडून बसली.

"लायब्ररीचं हाये का ते?" मामाजींनी विचारलं.

"हाव. काऊन?"

"तुयाआधी कोनं मागून ठेवलं होतं, माहीत हाये?"

"बाबा, मले अभ्यास हाये. भेव नोका दाखवू."

"भेव कायले? आपल्या खुशालभाऊची गोष्ट हाये. खरी."

"झालं, आता झोपलो आपन," माझा नवरा ओमेश हसला. हसता हसता त्याने जमिनीवर टेकलेले पाय बाजेवर ओढून घेतले.

खुशालभाऊ मामाजींचे वर्गमित्र, गोंदियाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. पीएच.डी.च्या मुलांना लागणारं पुस्तक आपल्याकडे नसलं, तर दुसऱ्या विद्यापीठातून मागवून देणं हे त्यांचं काम. शामकला नावाची एक मुलगी तलावांतल्या मासेमारीवर संशोधन करत होती. तिला एक जुना प्रबंध हवा होता. त्याची एकच प्रत, तीही लांबच्या विद्यापीठात. खुशालभाऊंनी मागणी पाठवली. शामकला रोज काउंटरच्या खिडकीशी येऊन विचारायची, "आलं का सर?"

पोळ्याच्या सुमारास तिला ताप आला. चार दिवसांत संपली.

"खुशालभाऊ सोता तिच्या मातीले गेले होते," मामाजी म्हणाले. "आन गाइडनं तिचा विषय भूमिका नावाच्या पोरीले देल्ला. रिकामा पडला होता ना."

प्रबंध आला तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. कॉलेजला सुट्ट्या, पण संशोधनवाल्यांसाठी लायब्ररी उघडी. खुशालभाऊ पोस्टातून पार्सल घेऊन आले, तर भूमिका दारातच उभी. पहिलं प्रकरण द्यायची तिची मुदत संपत आली होती. एवढ्या एका प्रबंधावाचून सगळं अडलेलं. त्यांनी पार्सल फोडलं आणि देऊन टाकलं. कम्प्युटरवर चढवू संध्याकाळी. भूमिका एसटीने केशोरीला, आपल्या घरी गेली.

अंधार पडल्यावर खुशालभाऊंनी नोंद केली. आता त्या कम्प्युटरची एक रीत आहे. पुस्तक आलं की ज्याने आधी मागितलं असेल त्याला आपोआप मेसेज जातो. आपण मागवलेलं पुस्तक आलं आहे, घेऊन जावे. आणि शामकलाचं नाव काढायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

पडद्यावर अक्षरं उमटली. संदेश पोचला.

"नंबर दुसऱ्या कोनाले भेटला असंन," टीना म्हणाली.

"असंन. खुशालभाऊबी सोताले तेच म्हनले."

त्यांनी कम्प्युटर बंद केला. खिडक्या लावल्या. दिवे मालवत काउंटरपाशी आले.

"आलं म्हने सर?"

खिडकीपलीकडे ती उभी. रोजचीच ओढणी. नेहमीसारखी, घाई नसलेली.

खुशालभाऊंची नजर काउंटरवरच्या फोडलेल्या पार्सलाच्या कागदाकडे गेली.

"कोनी नेलं का?"

ज्याने पुस्तक नेलं त्याचं नाव दुसऱ्याला सांगायचं नाही. लायब्ररीचा नियम. त्यांनी तो उभ्या नोकरीत मोडला नव्हता. त्या रात्री मोडला. ती जावी म्हणून.

"केशोरीच्या... भूमिकानं..."

"बरं," ती म्हणाली.

खिडकी रिकामी.

टीनाच्या मोबाइलचा उजेड विझला होता. तिने पुन्हा लावला नाही.

खुशालभाऊंनी फोन लावला. भूमिकाने लगेच उचलला.

"सर, तुम्ही धाडलेली ताई आली."

गोंदियाहून केशोरी. एसटीने अर्धा दिवस जातो.

"भूमिका... घराबाहेर नीघ."

"काऊन सर?"

"घरचे कोठी हायेत?"

"मंडईच्या जत्रेत गेले, नाटक पाहाले. रातभर येत नाईत."

"पुस्तक तिले देऊन टाक. देऊन टाक आन तू शेजारी जा."

"मले बी लागते ना सर. एकच हाये, म्हनून संगंच वाचून राहिलो." मग आवाज खाली आला. "भलती हळू वाचते ताई. माझं पान कवाचं झालं. पलटू देत नाई."

"भूमिका, ऐक..."

फोन कटला नाही. नुसती ती बोलेनाशी झाली. खुशालभाऊ ओरडत राहिले. तिकडून बऱ्याच वेळाने एक पान पलटल्याचा आवाज. मग शांत. मग पुन्हा एक पान. त्यांनी लायब्ररीतल्या दुसऱ्या फोनवरून केशोरीच्या ओळखीच्या लोकांना फोन केले. सगळे मंडईत. नाटकाच्या गोंगाटात कोण ऐकणार? कानाला फोन धरून ते काउंटरमागे बसून राहिले. पान... पान... पान...

पहिल्या एसटीने ते केशोरीला पोचले. भूमिका चटईवर बसलेली, ठणठणीत. प्रबंध समोर मिटलेला. खुशालभाऊंना रडू आलं.

"वाचली ना पोरगी?" ओमेशने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"वाचली. पन वाचता येत नाई तिले."

"म्हंजे?"

"अक्षर वरखतच नाई, पाह्यते पन ओळखत नाई. नागपूरच्या डाक्टरनं पाह्यलं. डोळे चांगले, डोस्कं चांगलं. थिसीस ऱ्हायला तो ऱ्हायलाच. दोन दिवाळ्या झाल्या. खुशालभाऊ अजून जाऊन पाह्यते. मागच्या महिन्यात त्यायनं खिशातून एसटीचं तिकीट काढलं, मोठ्या अक्षराचं, आन तिच्या हातात देल्लं. म्हनले, वाच वं माय, एक तरी अक्षर वाच."

"मंग?"

"तिनं ते चटईवर ठेवलं. बाजूले, रिकाम्या जागंवर सरकवलं. आन म्हनली..."

मामाजींनी हात लांबवून टीनाचं पुस्तक मिटलं.

"'थांबा सर. आधी ताईचं होऊ द्या.'"