तानाबाईची रेघ

"धम्मदीप येत नसंन तर मी बी येत नाई!" मनालीनं पायरीवर बसकण मारली आणि पायातल्या चपला काढून अंगणात भिरकावल्या.

"नको येऊ!" मोठेबाबा गरजले. मोठेबाबा म्हणजे शेषराव, मनालीच्या वडिलांचे थोरले भाऊ आणि सावरटेक गावचे पोलीस पाटील. "ज्याच्या बापानं गावाचा वीरबाबा चोरला, त्याच्या पोराले गाडीत बसवून फिरवू काय मी?"

"चोरताना कोणं पाह्यलं त्यायले?"

"साऱ्या गावाले ठाऊक हाय!"

हे एक बरं असतं. साऱ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट कुणी पाहिलेली असावीच लागत नाही!

वीरबाबा म्हणजे मोताळ्याच्या रस्त्याकडेला लिंबाखाली उभा असलेला जुना कोरीव दगड. त्यावर घोड्यावर बसलेला एक वीर होता म्हणे. म्हणे असं म्हणायचं, कारण पिढ्यान्‌पिढ्या लावलेल्या शेंदराच्या जाड थराखाली घोडा कुठला आणि वीर कुठला हे कुणालाच सांगता येत नसे. पोळ्याला बैल पहिल्यांदा त्याच्यासमोर नेत. रस्ता रुंद करताना ठेकेदाराच्या मशीननं तो दगड उपटून बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर दगड गायब! आदल्या संध्याकाळी धम्मदीपच्या वडिलांची, किसनरावांची ट्रॉली तिथं उभी होती. पुरावा काय तो एवढाच. पण शेषरावांनी मारुतीच्या पारावर, भरल्या गावासमोर, किसनरावांना चोर म्हटलं.

त्या दिवसापासून किसनरावांच्या ट्रॅक्टरला एकानंही नांगरणीला बोलावलं नव्हतं. ऐन मे महिना, वावरावावरांत बाहेरगावचे ट्रॅक्टर धावत होते, आणि किसनरावांचा बुद्धविहारासमोर उभा होता. "शाळा सुरू व्हायच्या आत नाशिकले जाऊ. तठी काम भेटंन," असं ते आता रोज म्हणायला लागले होते. धम्मदीपला ना नाशिकला जायचं होतं, ना चोराचा पोरगा म्हणून सावरटेक सोडायचं होतं.

"दादा," आतून सुवर्णाआत्या आली, "गाडी मी सांगतली हाय. गाडीत कोण बसंन ते मी ठरवीन. धम्मदीप येणार! तुले पटत नसंन तर तू राह्य घरी."

सुवर्णाआत्या स्कॉटलंडमध्ये समुद्रकाठच्या एका गावी दवाखान्यात नर्स होती. तिकडं तिनं एकदा खाजगी गाइड घेऊन किनाऱ्यावरची जुनी गावं एका दिवसात पाहिली होती. कोळ्यांची दगडी घरं, पडका किल्ला, बंदराची भिंत. "तिथला गाइड एकेका दगडापाशी थांबायचा," ती सांगायची. "मंग आपल्या जिल्ह्यातले दगड काय कमी बोलतात?" म्हणून तिनं भागवत सर नावाचा गाइड ठरवला होता. सिंदखेड राजा, लोणार, मेहकर आणि परत.

शेषराव घरी थोडेच राहणार! गार हवेच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं त्यांच्या मनात कधीचं होतं. ते धुसफुसत पुढं बसले. मागं आत्या, मनाली, तिची आठ वर्षांची बहीण छकुली आणि खिडकीशी धम्मदीप.

भागवत सर गोल टोपी घालून, गळ्यात माइक अडकवून आले होते. गाडीत ऐकणारी माणसं पाच, तरी ते माइकवरच बोलत.

"हात लावायचा नाही! इकडेतिकडे जायचं नाही! प्रश्न शेवटी!"

"शेवट कवा येईन?" छकुलीनं विचारलं.

"हाही प्रश्न शेवटी!"

सिंदखेड राजाला जिजाऊंचं जन्मस्थान पाहताना मनालीला तिथल्या चौकात जरा नुसतं उभं राहायचं होतं. सरांनी टाळ्या वाजवून तिला हाकललं. लोणारला गोमुखाच्या धारेखाली छकुलीनं हात धरला, तर तिथंही टाळ्या! वरून ते भलंमोठं गोल सरोवर दिसलं तेव्हा मात्र पोरं हटून बसली.

"पाणी खारं हाय ना याचं? मंग हा आपल्या जिल्ह्याचा समुद्र!" धम्मदीप म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला होता.

"तर काय! अन आपण समुद्रकाठचे लोक!" मनाली म्हणाली.

"चला, चला! अजून खास ठिकाण बाकी आहे," सर घड्याळ बघत म्हणाले. "कार्यक्रमात नाही, पण तुमच्यासाठी म्हणून."

मेहकरच्या अलीकडे गाडी एका फाटकातून आत वळली. 'भागवत वारसा बाग' अशी मोठी पाटी होती. हिरवळ, झोपाळा, उसाचा रस, आणि मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना सिमेंटच्या ओट्यांवर उभे केलेले जुने दगड. आणखी दोन गाड्यांतली माणसं तिथं फोटो काढत फिरत होती.

शेवटच्या ओट्यापाशी सर थांबले. तिथं काळाभोर, तेल लावून चकचकीत केलेला दगड होता. त्यावर घोडा, घोड्यावर तलवार उगारलेला वीर.

"हजार वर्षांपूर्वीचा योद्धा!" सरांचा आवाज माइकमधून घुमला. "आणि त्याहून मोठं आश्चर्य या कडेवर आहे. या रेघा पाहा. ही आहे गुप्त लिपी! आजवर कुणालाही ती वाचता आलेली नाही. मी एकटा थोडीफार वाचू शकतो."

शेषरावांनी टोपी काढून हात जोडले. "धन्य हाय! असं काही आपल्या गावात नाई, पाह्य सुवर्णा!"

धम्मदीप पुढं सरकला, कडेकडे वाकला आणि पाहतच राहिला. मग त्यानं मनालीचा हात धरून तिला बाजूच्या पाण्याच्या टाकीमागं ओढलं. छकुली न बोलावताच आली.

"हा आपला वीरबाबा हाय!"

"येडा झाला काय बे? आपला तर शेंदरी होता."

"शेंदूर खरडून काढला. त्या रेघा पाह्यल्या? सोयाबीन सोंगायच्या दिवसात बाया वावरात जाता जाता विळे कुठी घासतात?"

मनालीचे डोळे मोठे झाले. "वीरबाबाच्या कडेले! अरे, हा माणूस विळ्याच्या रेघा वाचून राह्यला!" तिला हसू फुटलं. मग लगेच ती गंभीर झाली. "पण थांब. विळे तर साऱ्याच गावच्या बाया घासतात. हा दुसऱ्या गावचा दगड असंन तर?"

"साऱ्या रेघा एकीकडं उतरतात. एकच उलटी हाय. माही आजी डावखुरी हाय, मनाली! लहान होतो तवा तिच्यासंग जायचो मी. तिची रेघ हाय ती!"

तानाबाई म्हणजे धम्मदीपची आजी. गावात अख्ख्या सोंगणीत, म्हणजे कापणीत, डाव्या हातानं विळा चालवणारी ती एकटीच होती.

"मोठेबाबाले सांगू?" छकुली म्हणाली.

"आता सांगतलं तर तो गाइड म्हणंन, पोरं येडी हायेत. आधी त्यालेच बोलू देऊ. एकदा बोलला की पळाले जागा नाई राहणार," मनाली म्हणाली आणि आत्याचा मोबाइल मागून घेऊन सरांसमोर उभी राहिली. "सर, व्हिडिओ काढते! आत्या स्कॉटलंडले दाखवणार हाय!"

सरांनी टोपी नीट केली. माणूस कॅमेऱ्यासमोर आला की त्याच्या आजोबांना लगेच शेत मिळतं. "हा योद्धा माझ्या आजोबांना नांगरताना सापडला," सर म्हणाले. "माझा जन्मही झाला नव्हता, तेव्हापासून तो याच जागी उभा आहे. बाहेरच्या कुणाचा हात त्याला लागलेला नाही."

"अन ही उलटी रेघ, सर?"

"ती? ती राजाची सही!"

धम्मदीपनं ओठ घट्ट दाबून धरले. छकुलीनं मात्र 'हात लावायचा नाही' हे सकाळपासून दहादा ऐकलं होतं, आणि तिला त्याचा पुरेपूर कंटाळा आला होता. तिनं घोड्याच्या पोटाखालच्या खाचेत बोट घातलं, नखानं खरवडलं आणि बोट उंच धरलं. बोट शेंदरी!

"हे काय हाय, सर?"

सरांचा चेहरा उतरला. "अं... आजोबा श्रद्धाळू होते. चला, गाडीत बसा! उशीर झाला!"

"मी नाई येत." धम्मदीप ओट्यापाशी खाली बसला आणि दगडाला पाठ टेकली.

"ऊठ! कोण रे तू?"

"किसनराव वानखडेचा पोरगा! तुमच्यापायी माह्या बापाले गावानं चोर म्हटलं!"

मनालीही त्याच्या शेजारी बसली. छकुली तर आधीच मांडी घालून बसली होती.

"ए पोरा, तमाशा करू नको!" शेषराव लाल झाले. "मनाली, ऊठ म्हणतो ना!"

"नाई उठत, मोठेबाबा! त्या दिवशी तुम्ही बोलले अन साऱ्यायनं ऐकलं. आज आमचं ऐका."

"ऐक दादा," आत्या शांतपणे म्हणाली. "पाच मिनिटं गप राह्यलास तर काही बिघडणार नाई."

धम्मदीपनं मनालीच्या हातातल्या मोबाइलवरून फोन लावला आणि आवाज मोठा केला. भोवती फोटो काढणारी माणसंही जमली होती.

"आजी, वीरबाबाच्या दगडावर तुही रेघ कुठी होती?"

"काऊन रे?" पलीकडून तानाबाईचा आवाज आला. "दगडच नाई राह्यला, अन रेघ कशाले पाह्यजे तुले?"

"सांग ना, आजी!"

"समोरून डाव्या कडेले, खालतं. साऱ्यायच्या उतरत्या, माही एकटीची चढती. डावखुरी ना मी! अन तिच्या वरच्या अंगाले एक लय खोल रेघ हाय, बोट बसते तिच्यात. ती पाटलाच्या मायची, रुक्मिणीबाईची. तिच्या विळ्याले धारच नाई राहायची, म्हणून घासत बसायची बिचारी. सोबतच घासायचो आम्ही दोघी, गोष्टी करत करत."

शेषराव दगडाच्या कडेला आले, जड अंगानं गुडघ्यावर बसले. डाव्या कडेला खाली एक चढती रेघ होती. तिच्या वर एक खोल. शेषरावांनी त्या रेघेत बोट ठेवलं. बोट बरोबर बसलं.

"माह्या मायची रेघ..." ते पुटपुटले. त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. जन्मभर ते रोज या दगडाच्या पाया पडले होते, पण समोरून. कडेला काय आहे ते त्यांनी कधी वाकून पाहिलंच नव्हतं. आणि शेंदूर निघाल्याबरोबर त्यांना आपला देवसुद्धा ओळखू आला नव्हता! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"हे बघा, पाटील," भागवत सर माइक विसरून बोलू लागले, "मी चोरला नाही! रस्त्याकडेला पडला होता. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, न्यायचा तर न्या. मी तर वारसा वाचवला!"

"गावाले विचारलं?" शेषराव उठून उभे राहिले.

"तसं... नाही."

"अन आजोबाले नांगरताना सापडला ते?" मनालीनं मोबाइल हलवला. "सारं भरलं हाय यात!"

"सर, आता शेवट आला काय?" छकुलीनं विचारलं. "आमचे प्रश्न राह्यले ना!"

जमलेली माणसं हसली. शेषरावांनी तिथूनच पोलीस ठाण्याला फोन लावला. जीप आली, पंचनामा झाला, बागेला कुलूप लागलं. कायदेशीर सोपस्कार झाले की दगड गावाला परत मिळेल, असं ठाणेदार साहेबांनी सांगितलं आणि तिन्ही पोरांशी हात मिळवले. मेहकर पाहायचं राहूनच गेलं, पण आत्या म्हणाली की एवढी चांगली सहल तिनं स्कॉटलंडातही केली नव्हती.

बातमी गाडीच्या आधी गावात पोचली होती. दिवस मावळता मावळता गाडी मारुतीच्या पारापाशी थांबली, तेव्हा तिथं अर्धं गाव जमलं होतं. किसनराव आणि तानाबाई लोकांच्या मागं, जरा लांबच उभे होते.

"शाबास रे पोरांनो!" शेषरावांनी धम्मदीपच्या पाठीवर थाप मारली. "गावाचं नाव राखलं!"

धम्मदीप एक पाऊल मागं सरला.

"मले शाबासकी नको, पाटीलबाबा. माह्या बाबाले सांगा."

"सांगतो ना. उद्या घरी येऊन सांगतो त्यायले."

"चोर म्हटलं तवा घरी आलते काय?" धम्मदीपनं पाराकडं बोट केलं. "याच पारावर म्हटलं होतं. साऱ्यायसमोर."

एवढं बोलायची त्या वयाच्या पोराची काय, मोठ्या माणसांचीही पोलीस पाटलासमोर छाती होत नसे. मनाली धम्मदीपशेजारी जाऊन उभी राहिली. मग छकुली. मग सुवर्णाआत्याही.

शेषरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग ते पारावर चढले आणि खाली बघत काहीतरी बोलले.

"आयकू नाई आलं, पाटील!" मागून तानाबाई ओरडली. "त्या दिवशी तर चांगला खणखणीत आवाज होता!"

शेषरावांनी मान वर केली आणि घसा साफ केला.

"किसनराव चोर नाई!" ते मोठ्यानं म्हणाले. "मी चुकलो, किसनराव. माफ करा!"

शेषराव पारावर टेकले. लोक बाजूला झाले, तशी त्या वाटेनं किसनराव सरळ पारापर्यंत आले, चपला काढल्या आणि वर चढून शेषरावांच्या शेजारी बसले.