बदली पंच

तिच्या नेहमीच्या जोडीदार पंचाची कंबर धरली, म्हणून ऐन वेळी बदली पंच पाठवला गेला. तो आला तोच धापा टाकत. बास्केटबॉलचा सामना लहान मुलींचा असला, तरी अंतिम होता, आणि हॉल पालकांनी गच्च भरला होता. मुख्य पंच असलेली ती एरवी शाळेत गणित शिकवायची आणि रविवारी शिट्टी वाजवायची. दोन्हीकडे पोरी तिला टरकून असत.

"उशीर झाला, माफ करा," तो म्हणाला. हसला, तेव्हा ओठांपेक्षा डोळेच जास्त हसले.

"माफीचं नंतर बघू. आधी बुटाची नाडी बांधा."

तो मुकाट्यानं खाली वाकला... आणि तिला उगाचच वाटलं, जरा मऊ बोलायला हवं होतं.

पूर्वार्धात मात्र तिच्या नाकी नऊ आले. तिनं शिट्टी वाजवली तरी हा आपला मुलींबरोबर धावतोच आहे. गुण लिहिणारे टेबलावरून हाका मारून दमले, तरी हा वळेना. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "पंच बहिरा आहे का?" हशा पिकला. त्याचा चेहरा खाडकन उतरला — आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मध्यंतरात तो पाणी पीत होता, तिथं ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कधीपासून?"

त्यानं नजर चुकवली नाही. "गेल्या वर्षी तापात डावा कान गेला. गोंगाटात उजव्यालाही काही उमगत नाही. आईला अजून वाटतं, मी तिचं मुद्दामच ऐकत नाही."

तिला हसू आलं. "पंचांच्या संघटनेला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं तर शिट्टी काढून घेतील. आणि रविवार सोडला तर... माझ्याकडे फारसं काही नाही हो."

"मग माझ्याकडे बघत राहा," ती म्हणाली, आणि लगेच कानशिलांपर्यंत लाल झाली. "म्हणजे — खेळात! मी हात वर करीन."

"बघत राहणं जमेल," तो गंभीरपणे म्हणाला.

जमलंही. तिचा हात वर गेला की तो थांबायचा. अगदी शेवटच्या क्षणापर्यंत. एका गुणानं मागे असलेल्या संघाच्या चिमुरड्या कॅप्टननं चेंडू फेकला, तो जाळीतून खाली आला, आणि बदली पंचानं बास्केट दिली. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला.

पण सामना संपल्याचा भोंगा चेंडू हातातून सुटायच्या आधीच वाजला होता. तिनं तो ऐकला होता.

बोललं तर हा चारचौघांत उघडा पडणार. गप्प बसलं तर दुसऱ्या पोरींचा हक्काचा विजय जाणार. तिनं शिट्टी वाजवली आणि त्याच्यासमोर गेली.

"भोंगा आधी वाजला."

"नक्की?"

"नक्की."

तो टेबलाकडे गेला आणि बास्केट रद्द केली. त्या कॅप्टनच्या संघाचा कोच अंगावर धावून आला. "आधी देता, मग काढून घेता? बहिरे आहात का?"

"हो," तो शांतपणे म्हणाला. "डाव्या कानानं. म्हणून यांच्या कानांवर विश्वास ठेवतोय."

बाकावर ती कॅप्टन हमसून रडत होती. तो तिच्यापाशी गुडघ्यावर बसला. "चूक माझी होती, बाळा. तू चेंडू फार सुरेख टाकलास." दुरून बघणाऱ्या तिला पापण्या पुसाव्या लागल्या.

संघटनेनं त्याची शिट्टी घेतलीच. तरी पुढच्या रविवारी तो प्रेक्षकांत येऊन बसला. त्याच्या पुढच्याही. सामना संपला की दोघं बसस्टॉपपर्यंत चालत जायची, ती कायम त्याच्या उजव्या हाताला. एकदा मात्र ती वाटेतच थांबली, वळून त्याच्यासमोर आली.

"मला तुम्ही... आवडता."

तो नुसता बघत राहिला.

"ऐकू नाही आलं?"

"आलं." त्यानं उजवा कान तिच्याकडे वळवला. "पण इतकं चांगलं काही कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. पुन्हा एकदा म्हणा ना."

तिनं पुन्हा म्हटलं. या वेळी 'तुम्ही'च्या जागी 'तू' म्हटलं.